जुनं मिलिंग मशीन घेताना: आधी डायल, मग भाव

जुनं मॅन्युअल मिलिंग मशीन बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा ठरलेल्या क्रमाने चुकतो. रंग बघतो, मशीन चालू करायला सांगतो, आवाज ऐकून मान डोलावतो, हँडल दोन-चार फेरे फिरवतो आणि थेट भावावर येतो. मशीन किती झिजलंय ते यातल्या कशानेच कळत नाही. मोटर बदलता येते, बेअरिंग बदलता येतं, गिअर कापून मिळतो, पॅनल नवं बांधता येतं. डव्हटेल स्लाईड, म्हणजे तिरप्या कडांची सरकपट्टी जिच्यावर टेबल सरकतं ती, मात्र बदलता येत नाही. ती ग्राइंड करून, हाताने स्क्रेप करून जागेवर आणायची म्हटलं तर त्या खर्चात बऱ्याचदा दुसरं मशीन येतं. म्हणून आधी स्लाईड बघायची, आवाज नंतर.

इथे नी टाईप मशीनच धरली आहेत, म्हणजे उभ्या कॉलमवर वर-खाली होणारी नी, तिच्यावर पुढे-मागे सरकणारं सॅडल आणि त्यावर टेबल असतं ती: टरेट हेडची (रॅमवर बसलेलं, फिरवता येणारं हेड) एम-वन-टी-आर, एचएमटीची एफएन-२ मालिका, बीएफडब्ल्यूची (भारत फ्रिट्झ वर्नर) जुनी मशीन आणि त्याच घाटणीची बटाला-लुधियानाकडची. भोसरी असो, सातपूर असो, वाळूज असो की कोल्हापूरचं उद्यमनगर, बाजारात फिरतात ती बहुतेक हीच.

टप्पा १: घरबसल्या ठरवायच्या तीन गोष्टी

पहिली, काम. सगळ्यात मोठा जॉब किती लांब, किती जड, कुठल्या धातूचा आणि त्यात किती माप धरायचंय, ते कागदावर लिहा. ३०० मि.मी.च्या मोल्ड प्लेटवर ०.०२ मि.मी. धरायचे असतील तर एक मशीन लागतं; फॅब्रिकेशनच्या ब्रॅकेटला स्लॉट मारायचे असतील तर दुसरंच चालतं. टेबलाचा ०.०८ चा खेळ पहिल्यासाठी भंगार आहे, दुसऱ्याला तो जाणवणारही नाही. काम ठरलेलं नसेल तर पुढची सगळी मोजमापं नुसतेच आकडे राहतात.

दुसरी, स्पिंडलचा टेपर, म्हणजे कटरचा होल्डर ज्यात बसतो तो निमुळता खळगा. आयएसओ-४० असेल तर टूलिंगची चिंता नाही. व्हीएमसीचे (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचे) बीटी-४० होल्डरही त्याच ७:२४ टेपरचे असतात. ड्रॉबारचे (होल्डर आत ओढून धरणाऱ्या दांड्याचे) आटे एम-१६ असले तर ते बऱ्याचदा बसतात, पण ड्राइव्ह की अडत नाही ना, हे प्रत्यक्ष बसवून बघायचं. लहान टरेट मशीनला आर-८ किंवा आयएसओ-३० असतो. हलक्या कामाला पुरे. आयएसओ-५० स्वस्तात मिळालं तरी त्याचे आर्बर (कटर ओवायचे दांडे) आणि होल्डर जड आणि महाग असतात.

तिसरी, वीज. मशीनला ४१५ व्होल्ट थ्री फेज लागतो. तुमच्याकडे सिंगल फेजच असेल तर मोटरची पाटी वाचा. ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली आणि सहा टोकं बाहेर आलेली मोटर डेल्टामध्ये बदलून २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज देणाऱ्या ड्राइव्हवर) चालवता येते. आपल्याकडे साधारण ३ एचपीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये असतात. त्यावरची मोटर मुळातच डेल्टामध्ये असली तर ही युक्ती चालत नाही, नवी मोटर धरावी लागते. फीडला आणि कूलंटला वेगळ्या मोटरी असतात, त्या विसरू नका.

युनिव्हर्सल की साधं, हा प्रश्नही इथेच मिटवा. हेलिकल गिअर कापायचे नसतील तर एफएन-२ यूच्या फिरत्या टेबलासाठी जास्त पैसे मोजू नका. एच (आडव्या स्पिंडलचं) किंवा व्हीमध्ये (उभ्या स्पिंडलचं) तो एक सांधा कमी असतो, त्यामुळे मशीन जास्त भक्कम.

टप्पा २: फोनवर विचारायचं

नावाच्या पाटीचा आणि स्पिंडलच्या तोंडाचा फोटो मागवा. मशीन टूलरूममध्ये होतं की प्रॉडक्शनवर, ते विचारा. प्रॉडक्शनवरचं मशीन दहा-पंधरा वर्षं एकाच फिक्स्चरवर, टेबलाच्या त्याच मधल्या फूटभरात चाललेलं असतं. टूलरूमचं सगळीकडे सारखं झिजतं. आयटीआय-पॉलिटेक्निकमधलं मशीन तासांच्या हिशेबाने कमी चाललेलं असतं, पण पोरांनी कटर टेबलात घातलेला असतो. त्याची झीज कमी आणि जखमा जास्त.

शेवटचं वाक्य हे: "मी येईपर्यंत मशीन चालू करू नका." गरम मशीनचं तेल पातळ होतं, बेअरिंगचे आवाज बदलतात आणि सकाळी सुरू होताना ते काय कटकट करतं ते लपून जातं.

*सावध: वीज तोडलेली असेल तर मोटर, गिअरबॉक्स आणि फीड, तिन्ही खराब आहेत असं धरूनच भाव करायचा. "साहेब, चालतंय, फक्त कनेक्शन काढलंय" हे वाक्य सगळ्यांकडे तयार असतं.*

टप्पा ३: सोबत काय न्यायचं

चुंबकी स्टँडसह ०.०१ मि.मी. दाखवणारा डायल (काट्याचं मापक), पप्पी डायल (लहान, वळणाऱ्या टोकाचा), १५० मि.मी.चा चांगला गुण्या, ०-२५ मायक्रोमीटर, फीलर गेज, टॉर्च, लहान चुंबक, ऑइल स्टोन, चिंध्या, दोन फुटी लाकडी दांडकं. त्या टेपरचा आपल्या खात्रीचा एक होल्डर, आपला धारदार कटर, आणि १५० × ५० मापाचा, २४ मि.मी. जाडीचा एमएसचा (साध्या पोलादाचा) ठोकळा. विक्रेत्याच्या बोथट कटरने घेतलेला कट काहीच सिद्ध करत नाही. फिनिश वाईट आलं तर दोष कटरवर जातो.

वही आणि पेनही घ्या. तोंडी लक्षात ठेवलेलं रीडिंग भाव बोलताना हमखास कमी-जास्त होतं.

टप्पा ४: मेन बंद करून नुसतं बघणं

आयसोलेटर बंद. चिंधी घेऊन टेबल, नीच्या उभ्या स्लाईड आणि कॉलमचा तळ पुसा. तीन गोष्टी शोधायच्या.

बीडावर (ओतीव लोखंडावर) वेल्डिंग. नी, सॅडल किंवा कॉलमच्या पायावर वेल्डिंग किंवा ब्रेझिंगचा पट्टा दिसला तर तिथेच नमस्कार करून निघा. टी-स्लॉटची एखादी कड तुटलेली असणं तेवढं गंभीर नाही. भाव पाडायला कामाचं आहे. नव्या रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे का ते चुंबकाने कळतं. लांबीचा थर जाड असेल तिथे चुंबकाची पकड सैल पडते.

टेबलावरचे घाव. ड्रिलचे खड्डे कुरूप दिसतात, पण चालतात. हातोडीने उठलेली कड मात्र ऑइल स्टोनने घासून काढा, नाहीतर पुढची सगळी रीडिंग खोटी येतील.

स्क्रेपिंगच्या खुणा. स्लाईडवर मुळातले बारीक चौकोन टोकांना दिसतात आणि मध्ये पुसलेले असतात. जिथे पुसलेत तिथे झीज आहे. सगळीकडे एकसारखे चकचकीत अर्धचंद्र दिसले तर खूश होऊ नका. कुणीतरी नुकतेच दिखाव्यासाठी मारलेले असण्याची शक्यता जास्त.

टप्पा ५: थंड मशीनवर डायल

सगळ्या तपासणीला दोन तास दिले असतील तर त्यातला एक तास इथे घालवा.

*५.१ बॅकलॅश, पाच जागी.* बॅकलॅश म्हणजे हँडल उलट फिरवल्यावर टेबल हलेपर्यंतचा रिकामा खेळ. डायल टेबलाच्या टोकाला लावा. हँडल एका दिशेने फिरवा, काटा हलला की कॉलरवरचा (हँडलजवळच्या आकड्यांच्या कड्यावरचा) आकडा लिहा. मग उलट फिरवा आणि काटा हलेपर्यंत कॉलरवर किती घरं गेली ते मोजा. हे डावं टोक, डावा पाव भाग, मध्य, उजवा पाव भाग आणि उजवं टोक, असं पाच ठिकाणी करायचं. लोक फक्त मध्यावर करतात आणि नुसता एक आकडा घेऊन घरी येतात.

टोकाला ०.१५ आणि मध्यावर ०.२० आलं तर टेबल सरकवणारा स्क्रू ठणठणीत आहे, थोडा खेळ नटमध्ये आहे. टोकाला ०.१५ आणि मध्यावर ०.६० आलं तर स्क्रूच मध्यात खाल्लाय. नवा नट टाकून मध्यावर घट्ट केलात तर टोकाला तो अडकणार. सगळीकडे सारखंच ०.५० असेल तर आधी हँडलच्या ब्रॅकेटकडे बघा. हँडल ओढल्यावर शाफ्ट आत-बाहेर होतोय का? तसं असेल तर तो थ्रस्ट बेअरिंगचा खेळ आहे. पंधरा मिनिटांत चेकनट आवळून जातो, आणि विक्रेत्याला हे बहुधा ठाऊक नसतं.

*५.२ गिब.* गिब म्हणजे स्लाईडमधला खेळ काढायची पट्टी. डायलचा स्टँड सॅडलवर, टोक टेबलाच्या पुढच्या बाजूला, शेवटाजवळ. टेबल मध्यावर ठेवून ते टोक हाताने पुढे-मागे रेटा. ०.०२ ते ०.०३ ठीक. ०.०८ च्या वर असेल तर विक्रेत्याची परवानगी घेऊन टेपर गिब घट्ट करा, मध्यावर नीट बसेल इतकीच. आता टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने न्या. शेवटचे शंभर-दीडशे मि.मी. हँडल जड झालं तर टेबलाचा डव्हटेल मध्ये झिजलाय. गिब हा त्यावरचा इलाज नाही.

याचीच उलटी लबाडी मी स्वतः पैसे देऊन शिकलो. माझ्या दुसऱ्या मशीनच्या वेळी गिब आधीच आवळून ठेवलेली होती आणि टेबल मध्यावर अगदी घट्ट, झकास वाटत होतं. मी टोकापर्यंत नेऊनच बघितलं नाही. शेडमध्ये आणल्यावर पहिल्याच लांब जॉबला डावीकडे टेबल अडलं. ते मशीन मी सात वर्षं फक्त मधल्या भागात वापरलं. म्हणून टेबल दोन्ही टोकांपर्यंत नेल्याशिवाय या टप्प्यातून पुढे जाऊ नका. टोकाला फिक्स्चर पडलंय, भिंत आड येते, स्टॉप लावलाय असली कारणं सांगितली तर ती अडचण हटवायला सांगा.

*५.३ नी.* स्टँड कॉलमवर, डायल नीवर. नीचा लॉक सोडून टेबलाच्या पुढच्या कडेखाली लाकडी दांडकं घालून हलकेच उचला. मग डायल टेबलाच्या पुढच्या कडेवर आणा आणि लॉक आवळा-सोडा करा. लॉक आवळताना काटा ०.०५ पेक्षा जास्त उडी मारत असेल तर नीची गिब ढिली आहे किंवा कॉलमची स्लाईड नेहमीच्या उंचीवर खाल्ली आहे. नी अगदी खाली आणि अगदी वर नेऊन हेच पुन्हा करा. तीन उंचींवर तीन वेगळी रीडिंग आली तर झीज कॉलमला आहे.

*५.४ टेबलाचा उतार.* गुण्या टेबलावर उभा ठेवा, स्पिंडलला लावलेल्या पप्पी डायलचं टोक त्याच्या पुढच्या उभ्या कडेला टेकवा आणि नी वर-खाली करा. नव्या मशीनच्या टेस्ट चार्टमध्ये टेबलाची पुढची कड किंचित वर असायची मुभा असते, खाली झुकलेली चालत नाही. जुन्या मशीनची पुढची कड खाली गेलेली असतेच. किती गेलीय, त्यावर सगळं अवलंबून. ३०० मि.मी.च्या हिशेबाने ०.०५ असेल तर बऱ्याच कामांना चालेल, ०.१५ असेल तर बोअर तिरके येतील.

*सावध: स्पिंडल टेबलाला काटकोनात नाही म्हणून मशीन नाकारू नका. डायल ३०० मि.मी. वर्तुळात फिरवल्यावर डावीकडे-उजवीकडे फरक दिसला तर हेडचे बोल्ट सोडून तो काढता येतो. पुढे-मागे फरक असेल तर ते हेड त्या दिशेने झुकवता येतं का ते बघा. येत नसेल तर तो फरक झिजेचा आहे.*

टप्पा ६: स्पिंडल

टेपरच्या आत बोट फिरवा, मग टॉर्चने बघा. गोल रेघा म्हणजे होल्डर आत फिरलाय. पप्पी डायलचं टोक टेपरच्या आतल्या भिंतीला लावून स्पिंडल हाताने फिरवा. ०.०१ च्या आत उत्तम, ०.०३ म्हणजे बेअरिंग किंवा टेपरवरची जखम. आपला होल्डर मार्किंग ब्ल्यू लावून बसवला की कुठे टेकतो ते दिसतं. लाकडी दांडक्याने स्पिंडल वर रेटल्यावर काटा ०.०२ पेक्षा जास्त हलू नये.

टरेट मशीनला क्विल (स्पिंडलसकट वर-खाली सरकणारी नळी) असेल तर ती पूर्ण बाहेर काढून आडवी हलवून बघा. ड्रिलिंगसाठी वापरलेल्या मशीनची क्विल वरच्या दोन इंचांत सैल झालेली असते. आर-८ स्पिंडलमधली बारीक पिन तुटलेली असते, नेहमीच. तिच्यासाठी भांडू नका. तिच्याशिवायही काम चालतं.

टप्पा ७: आता मेन चालू

पहिल्यांदा सगळ्यात कमी स्पीड, मग एकेक पायरी वर. गिअर बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं हवं. विक्रेता घाईत चालत्यावर बदलत असेल तर दातांची टोकं कशी असतील ते समजून घ्या. एकाच स्पीडवर ठराविक ठक-ठक आली तर एखाद्या गिअरचा दात तुटलाय. सगळ्या स्पीडवर घरघर आली तर बेअरिंग. स्पिंडल उलट फिरत असेल तर घाबरू नका, दोन फेज बदलले की सरळ होतं.

वरच्या स्पीडवर वीस-तीस मिनिटं चालू ठेवा आणि तोवर फीड बघा: तिन्ही दिशा, सगळे वेग, रॅपिड, आणि स्टॉपला टेकल्यावर फीड सुटतं की नाही. मग स्पिंडलच्या नाकावर हात ठेवा. हात ठेवता आला पाहिजे. ठेवताच येत नसेल तर तेल पोचत नाही किंवा बेअरिंग गरजेपेक्षा आवळलंय.

गिअरबॉक्सच्या काचेतलं तेल दुधाळ दिसलं तर कूलंट आत शिरलंय. गरजेपेक्षा घट्ट तेल आवाज दाबण्यासाठी घातलेलं असतं. ड्रेनमधून दोन थेंब काढून चुंबकावर धरा. राखेसारखा चिखल चालेल, टोचणारे कण चालणार नाहीत.

*सावध: चालू मशीनजवळ हातमोजे घालू नका आणि स्पिंडल फिरताना डायल लावू नका.*

टप्पा ८: कट

ठोकळा वाईसमध्ये, आपला कटर, एक मि.मी. फेसिंग, पॉवर फीड. नेहमीच्या पद्धतीनेच, म्हणजे कटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने फीड देऊन कापा. क्लाइम्ब कटमध्ये (कटरच्याच दिशेने फीड देऊन) बॅकलॅश टेबलाला कटरखाली ओढतो आणि दुसऱ्याच्या शेडमध्ये कटर फोडून घ्यायला आपण गेलेलो नसतो.

चार कोपऱ्यांची जाडी मायक्रोमीटरने घ्या. ०.०२-०.०३ चा फरक वाईसचाही असू शकतो. ठोकळा फिरवून पुन्हा घ्या, म्हणजे कुणाचा ते कळेल. पृष्ठभागावर दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना छेदत असतील तर हेड सरळ आहे.

डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) लावलेला असेल तर तो बंद करून सगळं तपासा. डीआरओ स्क्रूच्या चुका झाकतो आणि त्या कामापुरता तो खरंच उपयोगी आहे, पण हलणाऱ्या टेबलाला तो काही करू शकत नाही.

टप्पा ९: भाव

विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यातून कमी करत जाऊ नका. त्याच मॉडेलचं, चांगल्या स्थितीतलं मशीन तुमच्या भागात आज किती रुपयांना सुटतं ते किमान तीन ठिकाणी विचारा आणि तिथून खाली या. आकडे उदाहरणापुरते:

चांगल्या मशीनचा भाव ३,००,००० धरू. गनमेटलचा नवा नट १२,०००, स्पिंडल बेअरिंग मजुरीसह २५,०००, पॅनल १५,०००, हरवलेला आर्बर ८,०००. झाले ६०,०००. दोन्हीकडची हायड्रा (चाकांवरची क्रेन) आणि टेम्पो १८,०००. म्हणजे तुमची वरची मर्यादा २,२२,०००. खालची मर्यादा भंगाराची. पाटीवरचं किंवा कॅटलॉगमधलं वजन घ्या आणि त्या आठवड्याच्या बीडाच्या दराने गुणा. एफएन-२ दोन टनांच्या पुढे जातं, टरेट मशीन एक टनाच्या आसपास. विक्रेता त्याखाली येणारच नाही, तेव्हा त्यापेक्षा कमी बोलून वेळ घालवू नका.

स्लाईडची झीज या वजाबाकीत बसत नाही. डव्हटेल किंवा कॉलम गेलेला असेल तर "स्क्रेपिंगचे अमुक वजा करा" असं म्हणू नका, तो खर्च आधी कुणालाच नीट सांगता येत नाही. अशा मशीनला भंगार आणि सुट्या वस्तूंची किंमत एवढाच भाव.

सुट्या वस्तू वेगळ्या मोजा. डिव्हायडिंग हेड (जॉब ठरावीक भागांत फिरवणारं) प्लेटांसह, व्हर्टिकल हेड, आर्बर आणि त्याचे कॉलर, वाईस, कोलेट, ड्रॉबार. "सगळं सोबत देतो" म्हणणाऱ्याकडून ते सगळं टेबलावर मांडून घ्या आणि फोटो काढा. टेम्पोत चढवताना प्लेटा हमखास मागे राहतात.

टप्पा १०: कागद

"भाव अधिक जीएसटी" की "जीएसटीसह", हे आधी विचारा. १८ टक्के म्हणजे अडीच लाखांवर ४५,०००. तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर क्रेडिट मिळतं, नसेल तर तो खर्चच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेरून पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल लागतं. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या.

मशीनवर बँकेचं कर्ज असू शकतं. विक्रेत्याकडून बोजा नसल्याचं लेखी घ्या. कंपनी असेल तर तिच्यावरचे चार्जेस कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतात. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात माल "जसा आहे, जिथे आहे" असतो. तिथे तपासणीच्या दिवशीच टप्पा पाच उरकायचा, नंतर तक्रारीला जागा नाही.

टप्पा ११: उचलणं आणि बसवणं

आधी आपल्या शेडच्या दाराची उंची आणि हायड्राचा बूम आत जातो का ते मोजा. उचलण्याआधी टेबल मध्यावर, नी खाली, सॅडल कॉलमकडे, रॅम आत, सगळे लॉक आवळलेले. टरेटचं हेड उलटं फिरवून खाली केलं तर गुरुत्वमध्य खाली येतो. बेल्ट रॅमखालून किंवा आयबोल्टमधून. टेबलाला किंवा स्पिंडलला कधीच नाही. टेम्पोत लाकडी ठोकळ्यांवर, चारी बाजूंनी बांधून. नुसतं वजनावर उभं ठेवलेलं मशीन पहिल्याच गतिरोधकाला डुलतं.

जागेवर आल्यावर ०.०२ मि.मी. प्रति मीटरच्या लेव्हलने टेबल दोन्ही दिशांनी सपाट करा, सगळी तेलं बदला, आणि वहीतलं टप्पा पाचचं पान उघडून तीच रीडिंग पुन्हा घ्या. एखादा आकडा बदललेला दिसला तर आधी पायाखालचे शिम तपासा. बहुतेक वेळा एक कोपरा हवेत असतो.